सासऱ्याच्या छातीवरचे हात

दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावात मंजुळाबाईचा आवाज कुणी धड ऐकला नव्हता. सासरे वना आबा अंगणात खाकरले की तिचा पदर नाकापर्यंत यायचा. आबाही कमी नव्हते. सुनेशी थेट बोलायचं नाही म्हणून पाणीसुद्धा भिंतीकडे पाहून मागायचे.

एकोणनव्वदच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, ती माहेरी गेली. नुकत्याच वायरमन झालेल्या भावानं, हिलालनं, शॉक लागलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, तोंडानं श्वास कसा द्यायचा ते उशीवर दाखवलं. ती पोट धरून हसली, पण दाबून पाहिलं.

त्याच उन्हाळ्यात विहिरीवरच्या मोटारीनं आबांना धरलं. मंजुळाबाईनं धावत जाऊन कोरड्या काठीनं मेन स्विच पाडला. आबा निपचित पडले. हाकेला ओ नाही, श्वास नाही. शेजारच्या शेतातल्या मगननं त्यांना उचलून खाटेवर टाकलं आणि कुदळ घेतली.

"मातीमा गाडू, करंट उतरी जाई."

आमच्याकडचं शास्त्र हे असं! माणूस वाचला नाही तरी खड्डा तयार.

"खाटवर नको, खाले ठेवा!" मंजुळाबाई किंचाळली. खाटेला झोळ, दाबलेलं सगळं सुंभात जाणार. तिनं मगनला आबांना जमिनीवर उताणं ठेवायला लावलं. छातीच्या मधोमध तळहात, त्यावर दुसरा, कोपरं ताठ. जोरात, भराभर दाबायचं आणि दर वेळी छाती वर येऊ द्यायची.

"वं, सासराले हात लावस?" सासू यशोदाबाई ओरडल्या.

पुढचं तर त्याहून अवघड. मंजुळाबाई क्षणभर थबकली. मग आबांची हनुवटी वर करून, नाक चिमटून तिनं तोंडाला तोंड लावून श्वास फुंकला. पदर चिखलात पडला. आरडाओरडा ऐकून जमलेल्या आम्ही गावकऱ्यांनी माना फिरवल्या.

ती पुन्हा दाबू लागली. आबांचे ओठ निळे, तिचे हात भरून आलेले. थांबायचं कधी, हे हिलालनं सांगितलंच नव्हतं. थांबलं आणि नेमका तेव्हाच जीव गेला तर? ती रडत रडत दाबत राहिली.

आबांना उचकी लागली, छाती आपोआप हलली. मगननं कुदळ टाकून ट्रॅक्टर काढला आणि त्यांना दोंडाईच्याच्या दवाखान्यात नेलं.

पुढच्या आखाजीला हिलाल बहिणीला न्यायला आला. आबा खाकरले, तिनं पदर ओढला. यंदा आबांनी भिंतीकडे पाहिलं नाही.

"माय, बेगी ये," ते तिलाच म्हणाले. "तू येस तोलोंग मी मोटरले हात लावस नही."