नमुना घेतल्याचे ठिकाण

परभणीत आमच्या कॉलनीच्या नळाला पाणी भरपूर होते, आणि हीच अडचण होती. पाणी नसले तर मोर्चा काढता येतो. पाणी आहे पण त्यात डाळ शिजत नाही, अशा मागणीसाठी घोषणा तयार करणे अवघड असते.

कॉलनीने स्वतःची बोअर मारली होती, टाकी बांधली होती, घरोघर नळ दिले होते. त्या पाण्यात साबणाला फेस येत नसे. बादलीच्या कडेला पांढरा थर चढे, तो सुरीने खरवडावा लागे. तुरीची डाळ कितीही उकळा, दाणा वेगळा आणि पाणी वेगळे. सोडा टाकला की शिजे, पण मग वरणाला सोड्याचा वास. मी तेव्हा एका स्थानिक दैनिकात उपसंपादक होतो. ‘नागरिक त्रस्त’ हे शब्द दिवसातून दोनदा लिहीत होतो आणि घरी येऊन तेच कच्चे वरण जेवत होतो.

डाळीपुरते आणि चहापुरते पाणी सात घरे एका पाणीवाल्याकडून घेत. तो पालमकडचा धनगर. मेंढरे विकून शहरात आलेला. तेलाच्या रिकाम्या डब्यांत पाणी भरून सकाळी हातगाडा घेऊन येई. पहिल्या दिवशी त्याला गाव, आडनाव, घरी कोण कोण, सगळे विचारून झाले. समाधान झाल्यावर डबे आत घेण्यात आले. पाणी कुठले, हे कुणी विचारले नाही. गोड आहे म्हणजे येलदरी धरणाचे असणार, असे कॉलनीनेच ठरवले. त्याने हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही.

कॉलनीचे सचिव निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांना सगळे सर म्हणत. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन काही वर्षे झाली होती, अंमलबजावणी व्हायची होती, आणि सरांची सही विरोधातल्या एका निवेदनावर होती. ती बातमी मीच लावली होती. त्यात त्यांचे नाव राहून गेले म्हणून दुसऱ्या दिवशी दुरुस्तीही मीच छापली होती.

सरांना दात थोडे उरले होते आणि वरण फार आवडे. त्यांनी नवीन बोअरसाठी सरकारकडे अर्ज करायचे मनावर घेतले. कचेरीत त्यांना सांगण्यात आले की, पाणी वाईट आहे हे दाखवायला शेजारी चांगले पाणी ठेवावे लागते. म्हणजे दोन बाटल्या आणि दोन फॉर्म.

फॉर्म भरायला मला बोलावले. सरांच्या ओसरीवर एक बाटली नळाखाली भरली, दुसरी पाणीवाल्याच्या डब्यातून. पहिला फॉर्म सरळ गेला. दुसऱ्यातल्या ‘नमुना घेतल्याचे ठिकाण’ या रकान्यापाशी सर म्हणाले, येलदरी लिहा. मी सवयीने पाणीवाल्याकडे पाहिले. बातमी दोन ठिकाणी विचारून घ्यायची, एवढेच त्यात होते.

तो गाड्याची दोरी सोडत होता. हातातले काम थांबवून म्हणाला, “येलदरीचं न्हाई सर. रुळाच्या पल्याडच्या वस्तीतल्या हातपंपाचं हाय.”

रुळांपलीकडे दलित वस्ती होती. हे फॉर्ममध्ये नसले तरी ओसरीवर सगळ्यांना माहीत होते. तो पुढे सांगत राहिला. तिथल्या बायांचे भरून झाल्यावर त्याला पंप मारू देतात. पंपाजवळ राहणाऱ्या मावशीची एकच अट होती: पाणी ने, पण दुसऱ्याचं म्हणून सांगू नको. आजवर कुणी विचारले नाही, म्हणून त्याला सांगावे लागले नव्हते.

सरांनी बाटलीला बूच लावले. मग म्हणाले, “शासकीय हातपंप लिहा. पंप सरकारच बसवतं.”

मी लिहिले. पाणीवाल्याला वाचता येत नव्हते. त्याने काय लिहिले ते विचारले, मी वाचून दाखवले.

“सरकारचं म्हनलं तर दुसऱ्याचंच झालं की, साहेब,” तो म्हणाला.

मी ‘शासकीय’ खोडले आणि पुढे वस्तीचे नाव लिहिले. सरांनी ते पाहिले आणि चष्मा पुसायला घेतला.

दुसऱ्या दिवसापासून सातांपैकी पाच घरांनी पाणी बंद केले. कारणे वेगवेगळी होती. एकांचे पाहुणे परत गेले होते, एकींना अचानक त्या पाण्याने पित्त होऊ लागले होते, सरांकडे फिल्टर घ्यायचा विचार चालू होता. पाणीवाल्याने मला हिशेब न करता सांगितले की, दोन घरांवर भागायचे नाही. पालमला परत जावे, तर तिकडे आता मेंढरे नाहीत.

महिन्याभराने अहवाल आला. नळाचे पाणी कठीण, हातपंपाचे मृदू आणि पिण्यास योग्य. सरांनी बैठकीत तो मोठ्याने वाचला, रंग आणि वासासकट. ठिकाणाचा रकाना तेवढा वाचला नाही. मग अर्जाचा मसुदा ठरला. अहवालात ज्या ठिकाणचे पाणी मृदू आढळले, तेथे बोअर मारून पाइपलाइनने ते कॉलनीस पुरवावे. ठराव एकमताने झाला. मसुदा अर्थात मीच लिहिला.

पाणीवाल्याला मी हे सांगितले.

“म्हंजे नळातून आलं की चालतंय?”

चालेल असे दिसते, मी म्हणालो.

त्याच आठवड्यात सरांच्या पत्नींनी त्याला फाटकातून हाक मारली. अर्ज मंजूर होईपर्यंत तात्पुरते दोन डबे टाकत जा, असे सरांनी सांगितल्याचे त्या म्हणाल्या. पुढे बाकीची चार घरेही अर्ज मंजूर होईपर्यंत सुरू झाली.

मी परभणी सोडली तोवर अर्ज मंजूर झाला नव्हता. त्या काळात पाणीवाला भेटला की गाडा थांबवून आधी अर्जाचीच चौकशी करी. अजून कचेरीतच आहे, असे मी सांगे.

“लय बरं झालं,” तो म्हणे, आणि गाडा पुढे ढकली.