कापसाच्या खोलीतलं व्हीपीएन

पुण्याच्या ऑफिसातल्या मैत्रिणी फोन केला की विचारतात, "गावाकडून काम करतेस! मजा असेल ना?"

मजा! एका माणसानं दहा मिनिटांत उरकायच्या कामाला अख्खं घर मदतीला धावलं की किस्से साचायला लागतात. आमच्याकडे तर शेजारीपाजारीही धावले.

आधी सांगते, काम काय होतं. मी नांदुऱ्यापासून आत असलेल्या एका गावातली सून. नोकरी पुण्याच्या कंपनीत, विम्यासाठी आलेले हॉस्पिटलचे कागद तपासायची. कंपनीनं कायम घरून काम करायला परवानगी दिली, पण अट घातली की घरच्या कॉम्प्युटरवर व्हीपीएन चालू करून दाखवा. महिनाअखेरपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर पुण्याला परत या. इकडे बोंडअळीनं लागोपाठ दोन हंगाम खाल्लेले. घर चालत होतं माझ्या पगारावर. म्हणजे व्हीपीएन ही काही हौस नव्हती!

*

सगळ्यात आधी मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हे प्रकरण समजावून सांगावं लागलं. "व्हीपीएन" ऐकून त्यांनी पहिला प्रश्न केला, "कोणत्या कंपनीचं बियाणं हाय?"

"बियाणं नाही मामाजी. आपल्या कॉम्प्युटरपासून कंपनीच्या कॉम्प्युटरपर्यंत एक बंद वाट असते. आपले कागद त्या वाटेनं जातात. मधे कुणाला डोकावता येत नाही. बाहेरचं काही आत शिरूच शकत नाही."

मामाजींनी शांतपणे सुपारी कातरली.

"कापसाची बीटी आली तवा त्या कंपनीवाल्यानंबी असंच सांगतलं होतं. बोंडाच्या आत काहीच शिरत नाही म्हणे!"



*

मग माझ्या नवऱ्यानं, नितीननं, रफिकभाईंना बोलावलं. रफिकभाईंचं नांदुऱ्यात मोबाईल आणि कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान. नितीनचे शाळेपासूनचे दोस्त, आणि "येत नाही" हे दोन शब्द त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकलेले नाहीत.

"भाभी, काऊन टेन्शन घेऊन राह्यल्या? व्हीपीएनच पाह्यजे ना? हे घ्या. फ्री का है, लाइफटाइम!"

मी म्हटलं, "रफिकभाई, कंपनीचं वेगळं असतं. त्यांनी लिंक पाठवलीय."

"अहो भाभी, व्हीपीएन म्हणजे व्हीपीएन. गहू काय रेशनचा अन् काय दुकानचा!"

त्यांनी ते बसवलं, चहा घेतला आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळीच ऑफिसच्या एचआर मॅडमचा फोन. आवाज एकदम कडक.

"स्मिता, तू परवानगी न घेता परदेशात गेली आहेस का? तुझं लॉगिन नेदरलँड्समधून दिसतंय!"

"मॅडम, नेदरलँड्स कुठलं! मी नांदुऱ्यातसुद्धा नाहीये! नांदुऱ्याच्याही आत आहे!"

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण मामाजी रोज कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात हवामान बघायचे. त्या दिवशी तिथे पावसाचं चित्र आलं. हरभऱ्यावर फवारणी करायची होती, ती त्यांनी थांबवली. वर पारावर जाऊन सांगून आले, "सुनेच्या कॉम्प्युटरवर पाऊस हाय." झालं, निम्म्या गावानं पंप खाली ठेवले.

पाऊस पडला असेल, नाही कशाला म्हणू! हॉलंडात पडला असेल. आमच्याकडे दिवसभर लख्ख ऊन, आणि घाटेअळीनं काही तो अंदाज वाचलेला नव्हता.

*

रफिकभाईंचं व्हीपीएन काढलं आणि कंपनीच्या हेल्पडेस्कला फोन लावला. चिन्मय नावाचा एक शहाणासुरता माणूस मिळाला. म्हणाला, "मॅडम, तुम्ही कशालाही हात लावू नका. मी इथूनच तुमचा कॉम्प्युटर चालवतो."

स्क्रीनवरचा बाण आपोआप फिरायला लागला. तेवढ्यात आत्याबाई, म्हणजे सासूबाई, आत आल्या.

"कोन चालवून राह्यलं व हे?"

"पुण्याचे साहेब आहेत, आत्याबाई. तिथून आपल्या कॉम्प्युटरमध्ये आलेत."

"म्हंजे घरात आले?"

"हो... तसंच समजा."

आत्याबाईंनी पटकन डोक्यावर पदर घेतला. फोन स्पीकरवर होता. त्याच्याजवळ वाकून म्हणाल्या, "भाऊ, पहिल्यांदा आले तुमी. जेवल्याबिगर जाऊ नका. पिठलं टाकतो."

बाण स्क्रीनच्या मधोमध थबकला. मग चिन्मय अगदी ऑफिशियल आवाजात म्हणाला, "मॅडम, त्यांना सांगा... आमच्या सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाहीये."

*

ओटीपीची कथा वेगळीच. लॉगिन करताना मोबाईलवर नंबर येतो, तो लगेच टाकायचा. आमच्या घरात टेबलावरचा फोन इंटरनेटच्या वायरवर चालतो, पण मोबाईलला रेंज नाही. रेंज फक्त धाब्यावर, म्हणजे गच्चीवर. मग नितीन माझा मोबाईल घेऊन वर, मी खाली कॉम्प्युटरपाशी. तो वरून नंबर ओरडणार, मी टाकणार. पंख्याच्या घरघरीत मला नीट ऐकू यायचं नाही, म्हणून शेजारच्या सुमनकाकू त्यांच्या अंगणातून तोच नंबर पुन्हा मोठ्यानं सांगायच्या!

चिन्मय फोनवर बजावत होता, "मॅडम, एक लक्षात ठेवा. ओटीपी कुणालाही कळता कामा नये."

"नाही, नाही," मी म्हटलं. तिकडे सुमनकाकू ओरडत होत्या, "शेवटचा सात हाय व, सात! साठ नाही!"

एकदा लाइट नव्हती म्हणून काम बंद होतं, तर काकू काळजीनं दारात आल्या. "आज नंबर नाही आला का व? तब्येत बरी हाय ना?"

*

आता खोलीचं सांगते. घरात तीन खोल्या. एक स्वयंपाकाची, एक सगळ्यांची, आणि तिसऱ्या खोलीत अळीतून वाचलेला कापूस. भाव आला की विकू म्हणून मामाजींनी तो आढ्यापर्यंत भरून ठेवलेला. त्यालाच टेकून माझं टेबल, कारण इंटरनेटची वायर तेवढीच पोचायची. घरात साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते. ज्यानं सोसलंय त्यालाच ते कळेल!

पहिल्याच व्हिडिओ मीटिंगला मी मान खाजवतेय, दंड खाजवतेय, आणि पुण्यातल्या मॅनेजर बाई माझ्या मागे बघताहेत.

"वॉव स्मिता! मागे बर्फ? गुलमर्गला गेलीस का?"

मी काही बोलायच्या आत मामाजी दारातून म्हणाले, "बर्फ असता तं वितळला तरी असता बाई!"

*

शेवटी चिन्मयनं सगळं जुळवत आणलं. आणि तेव्हाच कंपनीचा नवा नियम आला. पेशंटचे कागद खाजगी असतात, म्हणून व्हीपीएनसोबत स्वतंत्र, बंद खोली पाहिजे. सोमवारी कॅमेऱ्यावर दाखवायची. आत दुसऱ्या कुणाची ये-जा नको.

मी स्वयंपाकघरात नितीनला म्हटलं, "आता नाही जमत. मी पुण्याला जाते. हॉस्टेलवर राहीन, सणावाराला येईन." बोलता बोलता मला रडू आलं. मामाजी बाहेर खाटेवर होते. त्यांनी ऐकलं असावं.

शनिवारी आत्याबाई मला दर्शनाला शेगावला घेऊन गेल्या. संध्याकाळी परत आलो, तर अंगणभर टायरच्या खुणा. आतली खोली रिकामी. मामाजी डोक्याला दुपट्टं बांधून झाडत होते. टेबल खिडकीशी लावलेलं.

"मामाजी, तुम्ही तर भाव येईपर्यंत थांबणार होतात ना?"

"खाजवू खाजवू जीव गेला होता सगळ्यायचा," ते म्हणाले. "सरक, धूळ उडून राह्यली."

सोमवारी खोली दाखवली, पास झाली. व्हीपीएन लागलं. स्क्रीनवर हिरवी खूण आली, तर आत्याबाईंनी कॉम्प्युटरच्या डब्याला हळदकुंकू लावलं.

त्याच आठवड्यातली गोष्ट. मी काम करत होते आणि दार वाजलं. आमच्या घरात कुणी दार वाजवत नाही. मला वाटलं, पाहुणे आले. उघडलं, तर मामाजी. चपला बाहेर काढून उंबऱ्याच्या पलीकडे उभे. धाब्यावरून उतरून आलेले, हातात मोबाईल.

"मिटिंग हाय का?"

"नाही, नाही. या ना मामाजी."

ते आत आले नाहीत. तिथूनच रिकाम्या भिंतींकडे बघत राहिले.

"व्यापाऱ्याचा फोन होता. भाव चढला म्हणे."

त्यांनी कॉम्प्युटरकडे बोट केलं.

"ते लागेल हाय ना तुहं? तुटलं तं नाही?"

"नाही मामाजी. चालू आहे."

"मंग कर काम. कंपनी पाहून राह्यली असन."

आणि त्यांनी बाहेरून दार हळूच ओढून घेतलं.