सुनेच्या जखमेत मी भरलेली राख

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर हा कागद मीच लावला आहे. घडलं ते आजच घडलं.

सकाळी धान कापताना सुनेच्या हाताला विळा लागला. दोन बोटं हाडापर्यंत कापली. आपल्याकडे करतात तसं मी घाईघाईनं जखमेत चुलीची राख भरली, वरून धोतराची चिंधी बांधली आणि लालबर्राहून मोटारीनं तिला बालाघाटच्या दवाखान्यात नेलं. बोटं गेली तर, या धाकानं वाटभर मला काही सुचेना.

दवाखान्याची ओसरी कापणीच्या जखमांनी भरलेली. कोणाला विळा, कोणाला बैलाचं शिंग, एकाचा पाय गाडीखाली आलेला. सगळ्यांना मिळून एक डॉक्टर आणि एक सिस्टर.

सिस्टरनं चिंधी सोडली. "बाबाजी, सुनेले आनलं का चूल उचलून आनली?"

मी रडकुंडीला आलो. सून म्हणते, "मामाजी, तुमी बसा न खाली. हात माहा कापला, अन् थरथरून तुमी राह्यले!"

टाक्यांहून जास्त वेळ राख धुण्यात गेला. गाडीखाली पाय आलेला तो माणूस बाकावर कण्हत होता. सिस्टर त्याला धीर देत होती, पण राख धुणारा तिचा हात क्षणभर थांबला नाही.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "बोटं हलव." दोन्ही हलली.

मी सिस्टरला हात जोडले. बाकाकडे बोट करून ती म्हणाली, "हौ हौ, आता सरका. त्यायले येऊ द्या."

माझ्यापायी तो माणूस तेवढा वेळ कण्हला, हे मला अजून खुपतं आहे. मंडळी, उद्या विळ्यासोबत एक धुतलेलं फडकं रानात न्याल ना?