विरुपाक्षआप्पांचा समुद्र

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. त्या वेळचे नगराध्यक्ष अजून हयात आहेत आणि त्यांना राग लवकर येतो. गाव उस्मानाबाद जिल्ह्यातलं, बेंबळीपासून फार लांब नाही, आणि समुद्र तिथून सरळ मोजला तरी दोनशे मैल पडतो, एवढं सांगितलं तरी पुरे. या गावात समुद्र आणला तो विरुपाक्षआप्पा कोरे यांनी, आणि त्या समुद्रात गिरिजाबाईंचं राहतं घर आणि चालती खानावळ बुडायची वेळ आली. मी तेव्हा नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या टेबलावर होतो, म्हणून हे सगळं जवळून पाहिलं.

आप्पा नगरपालिकेचे नक्शानवीस, म्हणजे गावाचे नकाशे काढणारे. निजामाच्या अमलात त्यांनी उर्दूत नकाशे काढले, विलीनीकरण झालं तसे मराठीत काढायला लागले. शेरवानी जाऊन कोट आला, फसली सन जाऊन इसवी सन आला, आप्पांची रेघ मात्र तीच राहिली. केसाएवढी बारीक आणि कुठंही न तुटलेली. नकाशाला शिवण्याआधी ते साबणानं हात धूत. जेवायला बसण्याआधी तेवढे धूत नसत. बायको चन्नम्मा तरुणपणीच गेली, मूलबाळ नाही, तेव्हा दोन्ही वेळचं जेवण गिरिजाबाईंकडे. पंधरा वर्षं एकाच पाटावर.

या माणसाला एक खोड होती. कागदावर छापलेला कुठलाही रकाना ते मोकळा सोडत नसत आणि त्यात ‘नाही’ असंही लिहीत नसत. त्यालाही कारण होतं. बाविसाव्या वर्षी, नोकरीला लागून चार महिने झाले असताना, त्यांना गावातल्या जनावरांची गणती करायला लावली. बैल, म्हशी, शेळ्या असं करत करत शेवटचा रकाना आला हत्तीचा. आप्पांनी तिथं ‘नाही’ लिहिलं. त्याच आठवड्यात कुणी महंत हत्तीवर बसून तुळजापूरला निघाले आणि दोन दिवस आमच्या वेशीबाहेर उतरले. तहसीलदारांनी एका डोळ्यानं हत्ती पाहिला, दुसऱ्या डोळ्यानं तक्ता पाहिला आणि आप्पांची बढती पाच वर्षं लांबली. तेव्हापासून, आकाशाखाली काहीही असू शकतं आणि ते नेमकं आपल्याच हद्दीत येतं, अशी त्यांची खात्री झाली होती.

सत्तावन्न साली आम्ही नवे नवे मुंबई राज्यात गेलो होतो. वरून हुकूम आला की गावाचा जुना आराखडा फसली तेराशे चाळीसचा, म्हणजे इसवी एकोणीसशे तीसचा आहे, तो बदलून पुढच्या वीस वर्षांचा नवा करा. सोबत नमुना म्हणून एका गावाचा छापील आराखडा आला. पाठवणाऱ्यानं कपाटातून हाताला लागेल तो उचलला असावा, कारण तो कोकणातल्या एका बंदराच्या गावाचा होता. पत्रात लिहिलं होतं, ‘सर्व रकाने नमुन्याबरहुकूम भरावेत.’

दुसरा कुणी असता तर हसला असता. आप्पांनी चष्मा पुसला आणि कामाला लागले. ‘बंदर’ या रकान्याखाली खुलासा होता, प्रवासी व माल उतरण्याचे ठिकाण. आप्पांनी तिथं मोटारस्टँड घातला. ‘दीपगृह’ म्हणून वेशीवरचा नगरपालिकेच्या कंदिलाचा खांब दाखवला. तो कंदील महिन्यातून आठ दिवस लागायचा, आणि तेही मोठ्या प्रामाणिकपणे त्यांनी शेऱ्यात लिहिलं. मग आला रकाना ‘भरतीची रेषा’.

“आप्पा, इथं निरंक लिहा आणि मोकळे व्हा,” मी म्हणालो.

“नारायणराव, तुम्ही लहान हायात,” आप्पा म्हणाले. “न्हाय म्हणून लिहिलं की कायतरी येतंच.”

गावाच्या पश्चिमेला एक तळं होतं. श्रावणात भरायचं आणि महाशिवरात्रीच्या आत आटायचं. मग त्यात गाढवं लोळत. आप्पांनी त्या तळ्याचं पाणी जास्तीत जास्त कुठवर आलं याची चौकशी केली. तळ्याकाठी शेळ्या राखणारा दगडोबा ऐंशीचा होता. तो म्हणाला की त्याच्या लग्नाच्या साली पाणी गिरिजाबाईच्या घराच्या पायरीला लागलं होतं. आप्पांनी त्याचा अंगठा घेतला आणि पायरीपासून निळ्या शाईची रेघ ओढली. रेषेपासून आत, गावाच्या बाजूला, शंभर फूट कसलंही बांधकाम नाही, हाही नियम नमुन्याबरहुकूम उतरवला.

ही निळी रेघ मोठी देखणी होती. फक्त एका ठिकाणी ती एकदम वळसा घेऊन मागं जायची आणि पुन्हा पुढं यायची. त्या वळशाच्या पोटात अध्यक्ष बाबूरावांचं आडतीचं गोदाम होतं, आणि ते गिरिजाबाईंच्या घरापेक्षा चांगलं हातभर सखल होतं. मी आप्पांना विचारलं, तर ते म्हणाले, “अध्यक्षांचा जबाब हाय. त्यांच्या गोदामात पाणी कधी आलं न्हाय. दगडोबाचाबी जबाब हाय. म्या दोन्ही धरले.” अध्यक्षांच्या धाकानं समुद्रही वाट सोडतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

सभेत आराखडा एकमतानं मंजूर झाला. कुणीही तो उलगडून पाहिला नाही. हरकतींसाठी कचेरीच्या बाहेर उघडणाऱ्या दाराआड, भिंतीवर, दोन महिने टांगला होता. दार दिवसभर उघडं असायचं, त्यामुळं तो दिसायचा फक्त सुट्टीच्या दिवशी. अठ्ठावन्न साली वरून शिक्का होऊन आला आणि आमचं गाव समुद्रकाठचं झालं.

पुढच्या भाद्रपदात झड लागली आणि गिरिजाबाईंच्या घराची मागची भिंत बसली. माती पार विरघळली होती. तुळईचं एक टोक त्या भिंतीवर होतं, ते लाकडाचा टेकू देऊन कसंतरी उभं ठेवलं. टेकू निसटला तर पुढच्या दोन्ही खोल्या खाली येणार हे उघड दिसत होतं. बाईंच्या पाटावर हायस्कूलचे अकरा मास्तर आणि आप्पा असे बारा जण जेवायचे, त्यावरच त्यांचं पोट. हेडमास्तरांनी सांगून ठेवलं होतं की दिवाळीपर्यंत भिंत झाली नाही तर मास्तर दुसरीकडे सोय बघतील. बाईंनी भिंतीच्या परवानगीचा अर्ज केला. अर्ज आप्पांकडे गेला आणि आप्पांनी त्यावर सुंदर अक्षरात लिहिलं, ‘भरतीरेषेच्या आत. नामंजूर.’

गिरिजाबाई कचेरीत आल्या. ठेंगण्या, गळ्यात लिंग, हाताला नेहमीचं पीठ. आवाज न चढवता बोलायची त्यांची सवय होती.

“आप्पा, माझ्या घराला काय झालंय?”

“घराला काय न्हाय, बाई. रेषेत आलंय.”

“कसली रेषा?”

“समुद्राची.”

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर चिंचेखाली एक कुत्रं झोपलं होतं.

“सकाळी तुम्ही माझ्याकडनंच जेवून आलात न्हवं? पाय भिजले का?”

“आज न्हाय भिजले,” आप्पा म्हणाले. “पर आराखडा वीस वर्षांचा हाय.”

सगळी कचेरी हसली, मीही हसलो. बाई हसल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, “नारायणराव, वर अर्ज लिहून द्या.” मी लिहून दिला. तळं किती लांब आहे, किती महिने कोरडं असतं, सगळं घातलं. वीस दिवसांनी वरच्या कचेरीचं उत्तर आलं, ‘समुद्राची रेषा बदलण्याचा अधिकार स्थानिक संस्थेस नाही.’ ते वाचून माझं हसू पार उतरलं. त्या खुर्चीवरल्या माणसानं नकाशा उघडून गाव कुठं आहे एवढं पाहिलं असतं तरी चाललं असतं.

अध्यक्षांकडेही बाई जाऊन आल्या. बाबूराव म्हणाले, “कायदा सगळ्यांना सारखा, मावशी. माझं गोदाम असतं तरी मी हेच म्हणलो असतो.”

आप्पा या सगळ्या दिवसांत बाईंच्याच पाटावर जेवत होते. बाई वाढत होत्या. ताटात भाकरी पडताना आवाज थोडा मोठा यायचा, एवढाच फरक. आप्पांच्या मनाला काही लागत नव्हतं असं मी म्हणणार नाही. टेकूकडे पाहिलं की त्यांचा घास तोंडातच फिरायचा. पण आपणच ओढलेली रेघ खोटी आहे, हे काही त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. नमुन्याच्या मागं बारीक टायपात दिलेले नियम ते रोज वाचत बसत. दसरा आठ दिवसांवर आला असताना एका सकाळी ते माझ्या टेबलाशी आले. चेहरा नुसता फुलला होता.

“सापडलं, नारायणराव. रेषेच्या आत एका बांधकामाला मुभा हाय. भिंती पक्क्या बांधल्या तरी चालतंय. चला, बाईला वाचून दाखवू.”

कागद त्यांनी आधीच तयार केला होता, फक्त बाईंची सही राहिली होती. गिरिजाबाईंच्या ओसरीवर बसून मी तो वाचला. नियम त्रेचाळीस, पोटनियम चार, अन्वये सदर इमारतीस मासळी वाळवण्याची शेड म्हणून मान्यता देण्यात येत आहे.

बाईंनी मला पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं.

“मासळी,” बाई म्हणाल्या. त्यांचा हात गळ्यातल्या लिंगाकडे गेला. “सोमवारी मी कांद्याला शिवत न्हाय, आप्पा. माझ्या सासूनं या चुलीवर चाळीस वर्षं महादेवाचा निवद केलाय.”

“कागदावर फकस्त,” आप्पा म्हणाले. “खरं कोण वाळवतंय?”

मला आप्पांचा राग आला आणि हसूही आलं, आणि बाईंसमोर बसून दोन्हींची लाज वाटली. बाईंनी टेकूकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “सही कुठं करायची?” त्यांनी माहेरच्या कन्नड अक्षरात सावकाश सही केली आणि हात धुवायला आत गेल्या.

दसऱ्याच्या आत भिंत उभी राहिली. मास्तर टिकले. त्यांनी चार दिवस थट्टा केली, आज सुरमई आहे की बांगडा. बाईंनी पाचव्या दिवशी सगळ्यांना बिनमिठाची आमटी वाढली आणि थट्टा थांबली. घर वाचलं, खानावळ वाचली. बाराव्या पाटावर मात्र कुणी येईना. आप्पा जेवायला यायचे बंद झाले होते.

मला वाटलं ताप आला असेल. तिसऱ्या दिवशी खोलीवर गेलो, तर हे गृहस्थ चुरमुरे आणि गूळ खात बसलेले.

“आप्पा, जेवायला का येत नाही?”

“कसं येणार?” ते म्हणाले. “म्या लिंगधारी माणूस. दप्तरात तिथं मासळी वाळती. आन ते माझ्याच अक्षरात हाय.”

मी त्यांना वाटेल तसं बोललो. म्हणालो, तुमची अक्कल तुमच्या दौतीत बुडाली आहे. ज्या बाईनं पंधरा वर्षं खाऊ घातलं, तिच्या देवाधर्माला तुम्ही काळं लावलं ते लावलं, वर तिच्याच दारात विटाळ मानता. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि चुरमुऱ्यांची मूठ तोंडात टाकली. दगडाशी बोलल्यासारखं झालं.

हे मी बाईंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक डबा ठेवला. दोन भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी. “तुमच्या मालकिणीनं केलंय म्हणून सांगा,” त्या म्हणाल्या. “तो मरंल असा.”

मी डबा आप्पांपुढं ठेवला. त्यांनी विचारलं कुठून आला. मी सांगितलं, आमच्या घरून, वनमालानं केलाय. त्यांनी थोडा विचार केला. “तुमचं घर दप्तरात निवासी हाय,” म्हणाले, आणि जेवायला बसले.

तेव्हापासून रोजचं काम माझ्यामागं लागलं. बाई करायच्या, मी न्यायचा, नाव माझ्या बायकोचं. आमच्या वनमालाला साधी आमटी जमत नसे, पण कचेरीत ती सुगरण म्हणून प्रसिद्ध झाली. संक्रांतीला आप्पांनी तिच्यासाठी खण पाठवला. तो मी गिरिजाबाईंना नेऊन दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि पेटीत ठेवून दिला.

असं अडीच वर्षं चाललं. आप्पांच्या निवृत्तीला महिना उरला होता. त्या दिवशी बाईंना ताप होता, तरी त्यांनी उठून भाकरी थापल्या होत्या, आणि ते पाहून मी आधीच तापलो होतो. आप्पा जेवायला बसले आणि म्हणाले, “आज भाकरी जरा जाड झाली. वहिनींची तब्येत बरी हाय न्हवं?”

मग मला राहवलं नाही. “आप्पा,” मी म्हणालो, “ही भाकरी वनमालाची नाही. एकही दिवस नव्हती. ही त्या मासळीच्या शेडमधली आहे. अडीच वर्षं तुम्ही गिरिजाबाईंच्या हातचंच खाताय. अंगात ताप असताना केलीय तिनं.”

आप्पांचा हात ताटावर थांबला. त्यांनी मान वर केली नाही.

“म्हायती हाय मला,” ते म्हणाले. “पैल्या दिवशीच कळलं. पंधरा वर्षांची चव काय इसरतो का माणूस?” त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, वांग्याला लावला. “पर हे तोंडीच ऱ्हाऊ द्या, नारायणराव. लेखी देऊ नगा.”