मधूचं चालू सेशन

माझा सहकारी मधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहापूरच्या ऑफिसात चहात बिस्किट बुडवत होतो. टोकावड्याहून त्याचा भाऊ बोलत होता. "सकाली छातीत दुखाया लागला... मुरबाडच्या दवाखान्यापरत पन नाय पोचलो." बिस्किट विरघळलं. फोन ठेवून मी ते चमच्यानं शोधत बसलो. अशा वेळी मला असलंच काहीतरी सुचतं.

आमची छोटी संस्था वाड्यांच्या वनहक्क दाव्यांसाठी नकाशे करते. ड्रोनचे हजारो फोटो जोडायला दूरच्या सर्व्हरला चार-चार दिवस लागतात, आणि आमच्याकडचं नेट दिवसातून दोनदा जातं. नेट गेलं की काम मेलं. माझी तीन कामं अशी मेल्यावर मधूनं मला टीमक्स नावाचा प्रोग्राम शिकवला. काम सर्व्हरवरच्या सेशनमध्ये सुरू करायचं, आपण नुसतं बाहेर यायचं, आत ते चालूच राहतं. पहिल्याच दिवशी मी बाहेर पडताना शिस्तीत 'एक्झिट' लिहिलं, आणि सेशनच संपवलं.

"घराशी निंगताना दार लोटायचा रे," मधू शांतपणे म्हणाला, "तू चूल इझवून आलास."

"सवय आहे."

"मंग आमी उपाशीच."

मधूनंतर आठवड्यानं वाडीवरची गंगूबाई आली. "दादा, सोमवारी सुनावनी हाय. नकाशात माजा शेत दिसल ना?" तिचा नकाशा मधूच्या सेशनमध्ये होता. तिथे हात घालायला मी नको तो माणूस, पण दुसरं होतं कोण...

सेशन उघडलं. काम पुरं झालं होतं, हद्दींच्या चुका तपासायच्या राहिल्या होत्या. पण माझ्या मोठ्या स्क्रीनवर सगळं एका कोपऱ्यात, बाकी नुसते ठिपके. एका सेशनमध्ये दोघं असले की आमचं टीमक्स लहान स्क्रीनच्या मापानं दाखवतं. मधूचा जुना, चिमुकला लॅपटॉप चार्जिंग संपून कपाटात पडलाय, पण सर्व्हरच्या लेखी तो अजून आत होता.

"काढ ना त्याला बाहेर, नीट दिसेल," शेजारच्या टेबलावरची वैशाली म्हणाली. सेशन उघडायच्या कमांडमध्ये एकच अक्षर जास्त लिहायचं होतं. मी लिहिलं नाही. लांब ओळी त्या कोपऱ्यात मोडून मोडून येत होत्या. मान आखडली, डोळे शिणले. दोन दिवस मी तसाच वाचत राहिलो. शनिवारी नकाशा वाडीवर पोचवला. गंगूबाईनं आपल्या शेतावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

आता त्या सेशनमध्ये काहीच काम नाही. तरी सकाळी आलो की आधी तेच उघडतो. माझी स्क्रीन अजून मधूच्या लॅपटॉपएवढीच आहे.