कुलूपबंद घरांचा सडा

सौंसरच्या त्या गल्लीत पाच घरांना कुलूप, अन् पाचही किल्ल्या निवृत्त मास्तरीण नलिनीबाईंच्या कमरेला. कोणी पुण्याला गेलं, कोणी इंदूरला, कोणी हैदराबादला. फोनवर सगळ्यांची एकच टकळी : इकडं पाणी चोवीस तास, रस्ते गुळगुळीत, दवाखाना हाकेवर. “मग राहा तिकडंच!” बाई फटकारत. पण उंबरठा ओसाड ठेवू नये म्हणून रोज सकाळी त्या पाचही दारांत सडा टाकत, रांगोळीची दोन बोटं ओढत.

परवा दुपारी त्यांनी पुण्याला गेलेल्या मुकुंदचं घर उघडलं. वर्षभर बंद असलेल्या घरातली फरशी नुकतीच पुसलेली, ओली होती. मागच्या दाराला आतून कडी होती. बाईंनी मुकुंदला फोन लावला. तो झोपेतून उठला.

“काकू, इकडं काही कमी नाही जी. पण दुपारी डोळा लागला का मी तिथंच, आपल्या घरी, फरशी पुसून राहतो. आता तुम्ही चपला घालूनच आत आल्या ना?”

बाईंनी खाली पाहिलं. ओल्या फरशीवर त्यांच्या चपलांचे ठसे उमटले होते.

अन् भिंतीपलीकडं, इंदूरवाल्यांच्या कुलूपबंद घरात, कोणीतरी झाडू मारत होतं.