चादरीची उशाकडची बाजू

"माझ्या वडिलांच्या नावाला पोरं लाथा मारणार, आणि मी बसून टाळ्या वाजवू?"

"लाथा कोण मारालंय, ईश्वरप्पा? आजारी लेकरं आहेत ती. पाय हलवायचं बळ नाही त्यांच्यात."

"बरी झाल्यावर मारतील की!"

"बरी झाली की घरी जातील. चादर इथंच राहणार."

"मग दुसरं पोर येईल! त्याला पाय नसतील का?"

समजूत घालणाऱ्या अध्यक्ष चनमल्लप्पांनी टेबलावरच्या चादरींकडे पाहिलं. चाळीस चादरी, चार थप्प्या, कोऱ्या सुताचा वास अजून खोलीभर. वरची चादर उलगडलेली होती. गर्द हिरव्या जमिनीवर मुठीएवढ्या पिवळ्या अक्षरांत बालरुग्ण साहाय्यक मंडळाच्या सात विश्वस्तांची नावं एकाखाली एक विणलेली होती. सगळ्यांत वर चनमल्लप्पा. सगळ्यांत खाली, दशांना टेकून, 'श्री. ईश्वरप्पा वीरभद्रप्पा'.

खोलीच्या कोपऱ्यात, दाराजवळच्या खुर्चीवर, मंडळाच्या आठव्या विश्वस्त पार्वतम्मा वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"भांडण मग करा की," त्या म्हणाल्या. "सात नंबरच्या पोराला आज एक चादर द्या आधी."

"पार्वतम्मा, विषय क्रमाने घेऊ," चिटणीस कुंडलिक गुरुजी म्हणाले आणि त्यांनी वहीत लिहिलं, 'सविस्तर चर्चा झाली.'

सात नंबरचं पोर म्हणजे जेऊरचा ज्ञानू. वय वर्षं चार. निमोनिया होऊन आला होता. परवा ताप उतरला आणि काल त्याने पहिल्यांदा आईकडे भाकरी मागितली. डॉक्टर सकाळी म्हणाले होते, "औषधाचं काम झालं. आता याला ऊब पाहिजे. पुन्हा गारठा बसला तर माझा भरवसा धरू नका." वॉर्डात खाटा वीस आणि घोंगड्या अकरा, त्याही मध्यभागी जाळीसारख्या विरलेल्या. ज्ञानूची आई मथुराबाई स्वतःच्या लुगड्याचा अर्धा भाग पोरावर घालून, उरलेल्या अर्ध्यात कुडकुडत रात्र काढत होती. चौऱ्याहत्तर सालचा डिसेंबर होता. सोलापूरला थंडी कमी दिवस पडते, पण पडते तेव्हा उन्हाळ्याचा सगळा सूड उगवून घेते.

आणि चाळीस चादरी टेबलावर होत्या. वॉर्डापासून बत्तीस पावलांवर.

पार्वतम्मांना पावलं माहीत होती, कारण ती रोज चालणाऱ्या विश्वस्त त्या एकट्याच.

त्या मूळच्या दुधनीच्या. तेराव्या वर्षी लग्न होऊन सोलापुरात आल्या, तूरडाळीचे व्यापारी सिद्धाप्पा यांचं घर सांभाळायला. सिद्धाप्पा मंडळाचे संस्थापक विश्वस्त. ते गेले, आणि त्याच सुमारास कुणीतरी मंडळाच्या नियमांची वही काढून वाचली. त्यात एक स्त्री विश्वस्त असावी असं लिहिलेलं निघालं. शोध सुरू झाला. एका वकिलाच्या बायकोचं नाव आलं.

"शिकलेली नको," ईश्वरप्पा म्हणाले. "ती बोलते."

मग नारळ घेऊन सगळे सिद्धाप्पांच्या घरी गेले. पार्वतम्मांनी पदर सावरत विचारलं, "ट्रस्टी म्हणजे काय करायचं असतं?"

"काहीच नाही हो," चनमल्लप्पा मोठ्या मनाने म्हणाले. "महिन्यातून एकदा येऊन बसायचं."

नुसतं बसणं पार्वतम्मांना जन्मात जमलं नव्हतं. पहिल्या बैठकीला त्या निवडायला डाळ घेऊन आल्या. सुपाच्या आवाजाने इतिवृत्त चुकतं अशी गुरुजींनी तक्रार केल्यावर त्या वातींवर आल्या. बैठकीत त्यांचं काम ठरलेलं होतं. पाहुणे आले की ओवाळायचं आणि फोटोत कडेला उभं राहायचं. ते त्या करायच्या. पण दवाखान्याचा ट्रस्टी म्हटल्यावर दवाखान्यात जावं लागत असणार, असा त्यांचा आपला साधा समज झाला होता. तो दूर करायला कुणाला सुचलं नाही.

रोज सकाळी नऊला त्या कण्यांचा डबा घेऊन वॉर्डात. पोरींच्या वेण्या घालायच्या, रडणाऱ्याला, कानडीत लेकराला हाक मारतात तसं, "काय रे मगा, कोण मारलं तुला?" म्हणून कानडीतली गाणी म्हणायच्या, आणि पोराला परवानगीशिवाय भजी चारणाऱ्या आयांशी कडाकडा भांडायच्या. वर्षभर सगळे त्यांना कुठल्यातरी पेशंटची आजीच समजत होते. भेटीची वेळ संपली की वॉर्डची आया बजाबाई हात धरून त्यांना बाहेर काढायची.

"आजी, चला भायेर! रोज सांगायचं का?"

पार्वतम्मा निमूट बाहेर जायच्या. एक दिवस बजाबाई ऑफिसातली धूळ झटकताना भिंतीवरच्या फोटोपाशी थबकली. सात फेटे-टोप्या, आणि कडेला अर्धी कापलेली एक ओळखीची बाई.

"अगं बया! तुमी ट्रस्टी हाय? मग सांगायचं न्हाय व्हय?"

"तू विचारलीस कुठं? तू बाहेर जा म्हणालीस. वेळ संपलेली होती की."

तेव्हापासून बजाबाई त्यांना बाहेर काढत नसे. पण "माय, तुमी कसल्या ट्रस्टी!" हे दिवसातून एकदा तरी म्हणे. ते कौतुक होतं की कीव, हे दोघींनाही नीट माहीत नव्हतं.

चादरींची कल्पनाही पार्वतम्मांचीच. गेल्या थंडीत त्या एकदाच बैठकीत बोलल्या होत्या, "पोरांना पांघरूण द्या." ही कल्पना इतकी चांगली होती की पुढच्या बैठकीपर्यंत ती चनमल्लप्पांची झाली. नरसय्या कारखानदारांनी आपल्या मागावर फुकट विणून द्यायचं कबूल केलं. तिथंच थांबले असते, तर फेब्रुवारीत चादरी आल्या असत्या. पण ईश्वरप्पाच म्हणाले, "फुकट चादर दिली तर कुणी दिली हे पोरांना कळायला पाहिजे."

"पोरांना वाचता येत नाही," पार्वतम्मा म्हणाल्या होत्या.

"म्हणूनच अक्षर मोठं पाहिजे," ईश्वरप्पा म्हणाले.

मोठ्या अक्षरांत सात नावं, प्रत्येकामागे 'श्री.', त्यातल्या एकापुढे 'बी.ए.'. लहान पोराच्या चादरीवर ती मावेनात. म्हणून चादर थोरल्या माणसाची झाली. नरसय्यांच्या डिझाइन मास्तरने चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून नक्षी काढली. तो कागद तीन महिने ऑफिसच्या भिंतीवर टांगलेला होता. येणारा-जाणारा प्रत्येक विश्वस्त त्यापुढे उभा राहून आपलं नाव वाचायचा आणि "झकास" म्हणायचा. ईश्वरप्पांनीही म्हटलं होतं. भिंतीवर खालचं ते नुसतं खालचं असतं. तेच खाटेवर पायाशी येतं, हे आज बजाबाईने नमुना म्हणून एक चादर रिकाम्या खाटेवर अंथरून दाखवेपर्यंत सात कर्त्या पुरुषांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

"चादर उलटी घाला," ईश्वरप्पा म्हणाले. "माझं नाव उशाला जाईल."

"आणि माझं कुठं जाईल?" चनमल्लप्पांनी विचारलं.

"तुम्ही अध्यक्ष आहात," ईश्वरप्पा म्हणाले. "मन मोठं करा."

"मन मोठं आहे हो. पाय लागण्याचा विषय आहे."

"एक दिवस अशी, एक दिवस तशी," गुरुजींनी तोडगा काढला. ते तोवर निःपक्षपाती होते. "सम तारखेला अध्यक्ष वर, विषम तारखेला ईश्वरप्पा. आयाला एक तक्ता करून देऊ."

दारात उभी असलेली बजाबाई हे ऐकून खोलीतच आली.

"मालक, मी बोलू का? उगं जिवाला लावून घेऊ नका. चादर हाय साडेसात फुटी. ज्ञानू हाय एवढा." तिने आपल्या मांडीजवळ हात धरला. "त्याचं पाय खालच्या नावाला कशाला जात्यात? तिसऱ्या नावाशीच संपतंय की पोरगं!"

ईश्वरप्पांच्या चेहऱ्यावर त्या संध्याकाळी पहिल्यांदा उजेड पडला. "खरं बोलाली बाई! हुशार आहे! मग माझी काही हरकत नाही. आजच वाटा चादरी."

पार्वतम्मांनी वाती पिशवीत टाकल्या आणि त्या उठल्या.

"एक मिनिट," कुंडलिक गुरुजी म्हणाले. त्यांची लेखणी थांबली होती. "तिसरं नाव कुणाचं?"

तिसरं नाव त्यांचंच होतं. बी.ए.सकट.

पार्वतम्मा पुन्हा बसल्या.

आता निःपक्षपाती असं कुणी उरलं नाही. सहा वर्षांच्या मुलाचे पाय कुठवर येतात, असा प्रश्न चौथ्या नावाने विचारला. दहा वर्षांचा आला तर, हे पाचव्याच्या मनात आलं. बजाबाईला टेप आणायला पाठवलं. तिने टेप नाही म्हणून सांगितल्यावर ईश्वरप्पांनी आपल्या वितीने चादर मोजली, आणि त्यांची वीत मुद्दाम आखूड पडते असा गुरुजींनी आक्षेप घेतला. चनमल्लप्पा मात्र शांत होते. कितीही आखूड पोर आलं तरी त्याचं डोकं वरच्याच नावापाशी असणार.

"तान्हं असलं तर?" गुरुजी कडवटपणे म्हणाले. "तान्ह्याचे पाय डोक्यापासून किती लांब असतात, अध्यक्ष? आणि ते नुसते पाय लावून थांबत नाही."

चनमल्लप्पांची शांतता गेली.

"गुरुजी," पार्वतम्मा म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, फक्त कानडी सूर जरा जास्त. "पाच वाजले. ऊन गेलं. पोराचं अंग गार पडालंय. आईच्या अंगावर काही नाही. एक चादर द्या. नाव आत करून, दुमडून घालते मी."

"दुमडून?" ईश्वरप्पा दचकले. "म्हणजे नाव दिसणारच नाही?"

"तुम्ही भावनेने बोलता, पार्वतम्मा," गुरुजी म्हणाले. "आम्हाला संस्था चालवायची आहे. शिवाय उद्घाटन व्हायचं आहे. उद्घाटनाआधी वापरलेली चादर पाहुण्यांच्या हाती कशी द्यायची?"

"सात नावं म्हटलं," चनमल्लप्पा एकाएकी म्हणाले. ते चादरीवर बोट फिरवत होते. "पण आपण आठ आहोत."

सगळ्यांनी मोजलं. मग सगळ्यांनी दाराजवळच्या खुर्चीकडे पाहिलं.

"अरेरे," गुरुजी म्हणाले. "पार्वतम्मा राहिल्याच की."

"मावत नव्हतं म्हणून..." ईश्वरप्पा पुटपुटले.

"चूक झाली, मोठी चूक," चनमल्लप्पा म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत एक नवीन तेज आलं. सत्तर सालापासून ज्यांनी अध्यक्षपद सोडलं नव्हतं, त्यांना ते का सोडावं लागलं नाही हे त्या क्षणी सगळ्यांना कळत होतं. "पण यातूनच मार्ग आहे. नवीन चादर विणू. आपली सातही नावं बारीक अक्षरात, एका ओळीत, उशाच्या काठाला. आणि खाली? मध्यापासून पायापर्यंत? एकच नाव. मोठ्ठं. श्रीमती पार्वतम्मा सिद्धाप्पा!"

"वा!" ईश्वरप्पा म्हणाले.

"सगळ्यांत मोठं नाव त्यांचं," गुरुजी म्हणाले. "स्त्रियांचा मान. पुढचं साल महिला वर्ष म्हणून पाळायचं चाललंच आहे. पेपरातही येईल."

"तान्हं असलं तरी त्यांचंच," चौथ्या नावाने खात्री करून घेतली.

"त्यांचंच, त्यांचंच."

"त्यांना काय, त्या रोज पोरांतच असतात," ईश्वरप्पा म्हणाले. "सवय आहे."

नरसय्या कारखानदार भिंतीला टेकून बसले होते. फुकट विणून देणाऱ्याला मत नसतं म्हणून ते तोवर बोलले नव्हते. आता त्यांनी घसा खाकरला. "मागावर चढवायचे नक्षीचे भोकांचे पत्ते नवीन कापायला लागतेत मालक. पंधरा दिवस. मग संक्रांतीला गड्ड्याची जत्रा, माणसं कामावर येत न्हाईत. मग सूत. शिवरात्रीला देतो."

"शिवरात्रीला थंडी जाते," बजाबाई म्हणाली.

"पुढच्या थंडीला होतील की," चनमल्लप्पा म्हणाले. "घाईचं काम नाही हे. या चाळीस तोवर कपाटात ठेवा, डांबराच्या गोळ्या घालून. गुरुजी, ठराव लिहा."

गुरुजींनी लिहिलं. अक्षर सुंदर होतं. मग त्यांनी लेखणी उचलली. "एका विश्वस्ताच्या नावाचा प्रश्न आहे, तर त्यांची संमती नोंदवावी लागेल. पार्वतम्मा, तुमची हरकत नाही ना?"

वॉर्डाकडून खोकल्याचा आवाज आला. कोरडा, लहानसा, एकामागून एक चार. पार्वतम्मांनी तो ओळखला. बजाबाईनेही ओळखला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

पार्वतम्मा उठल्या. पदर कमरेला खोचून त्या टेबलापाशी आल्या. उलगडलेली चादर त्यांनी अध्यक्षांच्या बोटाखालून ओढून घेतली, चौघडी केली, खांद्यावर टाकली. मग एका थप्पीवरच्या आणखी पाच दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरल्या. सोलापुरी चादर वजनाला भारी. साठीच्या बाईला सहा म्हणजे पुष्कळ. हनुवटीने त्यांनी वरची दाबून धरली.

"अहो, अहो," गुरुजी म्हणाले. "ठराव वेगळा झालाय!"

"उशाची बाजू तरी ठरू द्या!" ईश्वरप्पा खुर्चीवरून अर्धे उठले. "पार्वतम्मा! निदान माझं नाव..."

"त्यांना समजलं नसेल," चनमल्लप्पा म्हणाले आणि कानडीत, सावकाश, लहान मुलाला विचारावं तसं पुन्हा विचारलं, तुमचं नाव खाली घातलं तर चालेल ना, म्हणून.

बजाबाईने उरलेल्या थप्पीला हात घातला होता.

"पार्वतम्मा, हो की नाही तेवढं सांगून जा! मला लिहायचंय!"

पार्वतम्मांनी पायाने दार लोटलं आणि त्या वॉर्डाच्या दिशेने निघून गेल्या.